नकार द्या, पण उत्तर द्या



राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. पाकिस्तानात गेलेल्या मुलखातून जो माणूस या तारखेच्या आधी भारतात आला आणि इथेच राहिला, तो आपोआप नागरिक झाला. जो त्या दिवशी किंवा त्यानंतर आला, त्याला अर्ज करावा लागला, आधी सहा महिने इथे राहिल्याचं दाखवावं लागलं आणि अधिकाऱ्याच्या वहीत नाव चढवून घ्यावं लागलं. त्या जुलैपासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परमिट सक्तीचं झालं होतं. परमिटाची ती तारीख पुढे घटनेत गेली.

मुलुंडमध्ये बसून मी ही तारीख सांगतो आहे, त्याला कारण आहे. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या बाजूला आपण ज्याला नुसतं ‘कॉलनी’ म्हणतो, तो भाग सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर सिंधी हिंदू बोटी भरभरून मुंबई बंदरात उतरले. कुणी चेंबूरच्या कॅम्पात गेलं, कुणी कल्याणजवळच्या लष्करी बराकींत गेलं (त्याचं पुढे उल्हासनगर झालं), कुणी इथे आलं. एखाद्या घरातला थोरला जूनमध्ये बोटीत बसला असेल आणि धाकटा दुकानाची निरवानिरव करून ऑगस्टमध्ये निघाला असेल, तर दोघांचं नागरिकत्व दोन वेगळ्या वाटांनी आलं.

आणि त्याच्या बारा वर्षं आधीपर्यंत, म्हणजे १ एप्रिल १९३६ पर्यंत, कराची आपल्याच मुंबई इलाख्यात होती. मराठी कारकून, शिक्षक, इंजिनियर बदली होऊन तिकडे जात, जसे ते धारवाडला किंवा अहमदाबादला जात. सिंधमधली पहिली सरकारी शाळा १८५५ साली कराचीत निघाली. तिला पुढे शिक्षण खात्यातले अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव मिळालं आणि ते आजही टिकून आहे. कराचीत आजही मराठी बोलणारी काही घरं आहेत आणि ती भाद्रपदात गणपती बसवतात. मुंबईहून कराची समुद्रमार्गे जेमतेम पाचशे सागरी मैल. आज त्या दोन बंदरांमध्ये बोट चालत नाही, दोन विमानतळांमध्ये विमान उडत नाही.

परमिटाच्या जागी ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. १९६५ च्या युद्धात सिंध-राजस्थान सीमेवरची खोखरापारची रेल्वे बंद पडली. १९७१ नंतर सगळंच तुटलं आणि सिमला कराराच्या पाठोपाठ १९७४ मध्ये व्हिसाची नवी घडी बसवली गेली. ती सुधारायला २०१२ उजाडलं. ८ सप्टेंबर २०१२ ला इस्लामाबादेत आपले परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा आणि पाकिस्तानचे गृहमंत्री रेहमान मलिक यांनी ज्या करारावर सह्या केल्या, तो मी बारकाईनं वाचला आहे. माझा पेशा वकिलीचा. अंधेरीत माझं ऑफिस आहे आणि परदेशी नागरिकांच्या कागदपत्रांची कामं मी बरीच वर्षं केली. त्यामुळे या करारातल्या अटी घराघरांत कशा उतरतात, ते मला माहीत आहे.

जगात बहुतेक ठिकाणी व्हिसा देशाचा मिळतो. भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या माणसांना गावाचा व्हिसा देत आले. पूर्वी तीन गावं लिहिता येत, २०१२ च्या करारानं पाच केली. ज्या गावाचं नाव व्हिसावर नाही, तिथे पाऊल टाकायचं नाही. मुंबईचा व्हिसा घेऊन बहिणीकडे आलेल्या कराचीच्या पाहुणीची हद्द आपल्या मुलुंड चेकनाक्याला संपते. नाक्यापलीकडे ठाणे. तिथे भाच्याचं लग्न असेल, तर अर्ज करतानाच ठाण्याचं नाव घालायला हवं होतं. गावात पोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, निघण्याआधी चोवीस तासांत पुन्हा नोंद. मुंबईतल्या पाकिस्तानी वाणिज्य दूतावासाचं दार बंद आहे, कराचीतली आपली कचेरी १९९४ मध्ये बंद झाली. म्हणून अंधेरीच्या माणसानं दिल्लीला अर्ज करायचा आणि कराचीच्या माणसानं इस्लामाबादला. त्याच करारात समुद्रमार्गानं येण्याजाण्यासाठी मुंबई आणि कराची ही दोन बंदरं लिहिलेली आहेत, हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही.

यातला एक कागद तुम्हांला जवळून दाखवतो. त्याला म्हणतात स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, म्हणजे हमीपत्र. अंधेरीतल्या एका वयस्कर बाईंनी आपल्या थोरल्या बहिणीसाठी ते भरलं, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. बहीण लग्न होऊन साठच्या दशकात कराचीला गेलेली. हमीपत्रात पाहुणीचं नाव, वडिलांचं नाव, पासपोर्टचा नंबर, नातं, कुठे उतरणार, किती दिवस राहणार हे लिहायचं. तिच्या राहण्याखाण्याची आणि वर्तणुकीची जबाबदारी आपली, वेळेत परत पाठवण्याची जबाबदारीही आपली, असं खाली मान्य करायचं. मग राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. हा शिक्का मिळवताना माणूस टेकीला येतो. कागदावर ‘पाकिस्तान’ हा शब्द दिसला की चांगले ओळखीचे अधिकारी पेन खाली ठेवतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, उद्या चौकशी आली तर उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. चार ठिकाणी फिरल्यावर शिक्का मिळाला. सोबत बाईंचा पासपोर्ट, रेशनकार्ड, लाइटबिल यांच्या झेरॉक्स जोडल्या. मूळ कागद दुबईला जाणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती दिला, तिथून तो कराचीला पोचला. अर्ज दाखल झाला.

पुढे काय झालं, तर काहीच झालं नाही. कराचीहून बहीण फोन करी, अंधेरीहून ही विचारी, आणि प्रत्येक वेळी कळे की अर्ज ‘अंडर प्रोसेस’ आहे. व्हिसा मिळाला नाही आणि नाकारलाही गेला नाही. नाकारला असता, तर दोघींनी रडून मन मोकळं केलं असतं आणि दुबईत कुणाच्या तरी घरी चार दिवस भेटण्याची खटपट केली असती. हो किंवा नाही, काहीच नसल्यामुळे त्या थांबल्या. थोरली पावसाळ्यात गेली. अर्ज कागदोपत्री कदाचित अजूनही चालूच असेल.

आज मला जे सांगायचं आहे ते या न आलेल्या उत्तराबद्दल आहे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा राज्याचा अधिकार मी मान्य करतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्येच हान्स म्युलरच्या खटल्यात परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद असल्याचं सांगून टाकलं. माझा वाद तिथे नाही. माझं म्हणणं असं, की ज्याला अधिकार आहे त्याच्यावर वेळेत उत्तर देण्याचं बंधनही असलं पाहिजे.

आता समोरची बाजू. ती मला टाळायची नाही, आणि या सभागृहात तर ती टाळताच येणार नाही. १३ मार्च २००३ च्या संध्याकाळी याच मुलुंड स्टेशनात आलेल्या लोकलमध्ये स्फोट झाला. त्याच्या आधीच्या डिसेंबरात घाटकोपरला बसमध्ये झाला होता. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर माहीमपासून जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोडपर्यंत पहिल्या वर्गाचे डबे फाटले. २६ नोव्हेंबर २००८ मी सांगायला नको. आणि २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये जे मारले गेले, त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते, त्यांतले तिघे डोंबिवलीचे. इथून लोकलनं अर्ध्या-पाऊण तासावरचं डोंबिवली. ज्या घरातला माणूस असा गेला, त्या घरानं मला विचारलं की तुम्हांला व्हिसाची काय पडली आहे, तर त्या प्रश्नापुढे मी मान खाली घालून उभा राहीन. तरीही उत्तर देईन.

उत्तर असं. सव्वीस नोव्हेंबरचे दहा जण व्हिसाच्या रांगेत उभे राहिले नव्हते. त्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट भर समुद्रात बळकावली, तिच्यावरचे खलाशी मारले आणि बधवार पार्कच्या कोळीवाड्याशी उतरले. त्यांच्यासाठी ज्यानं आधी ताज, सीएसटी, नरिमन हाऊस हिंडून पाहिलं, चित्रण केलं, तो डेव्हिड हेडली मात्र व्हिसा घेऊनच आला होता. जन्मनाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये अमेरिकेत रीतसर नाव बदललं, अमेरिकन पासपोर्टवर शिकागोहून भारताचा व्हिसा घेतला आणि २००८ पर्यंत तो मुंबईत पुन्हा पुन्हा येऊन गेला. त्याला गावाचं बंधन नव्हतं, चोवीस तासांत पोलिसांत जायचं नव्हतं. म्हणजे गाळणीनं कराचीची थोरली बहीण अडवली आणि हेडली सोडला. नंतर सरकारनं नियम आवळले, आणि त्यात चूक नाही. भारतीय व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात आज जगातल्या कुठल्याही देशाच्या माणसाला विचारलं जातं की तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, किंवा तिथल्या मुलखातले होते का. लंडनला जन्मलेल्या, ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या एका मराठी मुलाला त्या चौकटीपुढे थांबून मला फोन करावा लागला, कारण त्याची आजी १९४० साली कराचीत जन्मली होती, तिचे वडील तिथे नोकरीला होते म्हणून.

पहलगामनंतर सरकारनं अटारीची चौकी बंद केली, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले, वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंतची मुदत दिली. इतक्या मोठ्या घावानंतर कुठलंही सरकार असं काही करणारच. पण त्या आठवड्यात अटारीच्या फाटकावर जे दिसलं, तेही पाहिलं पाहिजे. आईकडे भारतीय पासपोर्ट, लेकरांकडे पाकिस्तानी. लेकरांनी जायचं, आईनं थांबायचं. पंजाबच्या उन्हात बॅगा मांडून बसलेल्या त्या बायकांपैकी कुणी पहलगामच्या कटात होतं, असं सरकारनंही म्हटलेलं नाही.

आता अंधेरीच्याच एका मुलाबद्दल सांगतो, कारण न मिळालेलं उत्तर माणसाला कुठवर नेतं, ते त्याच्या गोष्टीत सगळं आहे. हमीद अन्सारी, वर्सोव्याचा. इंजिनियर, एमबीए झालेला. वडील बँकेत, आई फौजिया कॉलेजात शिकवायच्या. पाकिस्तानातल्या कोहाटच्या एका मुलीशी त्याची इंटरनेटवर ओळख झाली. तिचं लग्न तिच्या मनाविरुद्ध लावलं जाणार होतं आणि तिला वाचवायला जायचं, असं या पोरानं ठरवलं. त्यानं व्हिसासाठी खटपट केली. व्हिसा मिळाला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, म्हणजे इस्लामाबादच्या त्या सह्यांना दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, तो घरी काबूलला नोकरीच्या निमित्तानं जातो असं सांगून निघाला, आणि अफगाणिस्तानातून बिनव्हिशाचा पाकिस्तानात शिरला. खोटं ओळखपत्र जवळ ठेवलं. कोहाटच्या लॉजमधून त्याला उचललं.

त्यानं गुन्हा केला, यात वाद नाही. दुसऱ्या देशात चोरवाटेनं, खोट्या कागदावर शिरणं हा तिथे गुन्हा आहे आणि इथेही. परदेशी नागरिकांबद्दलच्या आपल्या नव्या कायद्यात बिनव्हिशाचं शिरण्याला पाच वर्षांपर्यंत आणि खोट्या कागदावर शिरण्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण पुढे काय झालं पाहा. वर्सोव्यातल्या त्या घराला पोरगा जिवंत आहे की नाही, हे कुणी सांगेना. आई पेशावरच्या उच्च न्यायालयात गेली, दिल्लीत दारोदार हिंडली. मुंबईचे पत्रकार जतीन देसाई या कुटुंबाच्या मागे उभे राहिले. लाहोरची झीनत शहजादी ही तरुण वार्ताहर या अनोळखी मुलासाठी तिकडच्या कचेऱ्यांत अर्ज घेऊन फिरली, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तीच बेपत्ता झाली. ती सापडायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. जानेवारी २०१६ मध्ये पाकिस्तान सरकारनं पेशावरच्या न्यायालयाला कळवलं की हमीद लष्कराच्या ताब्यात आहे. नोव्हेंबर २०१२ ते जानेवारी २०१६ ही तीन वर्षं एका आईला ‘तुमचा मुलगा आमच्याकडे आहे’ एवढं एक वाक्य मिळालं नाही. हेरगिरीचा आरोप ठेवून लष्करी न्यायालयानं त्याला डिसेंबर २०१५ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली होती, त्याआधीची तीन वर्षं कशातच धरली नाहीत. आपल्या सरकारनं त्याला भेटू द्या म्हणून नव्वदहून अधिक वेळा लेखी विनंती केली, भेट मिळाली नाही. शिक्षा संपली, तरी कागद तयार नव्हते. पेशावरच्या न्यायालयानं महिन्याभरात ते पुरे करा असं बजावलं, तेव्हा १८ डिसेंबर २०१८ ला तो वाघा ओलांडून आला आणि आईवडिलांनी त्याला मिठीत घेतलं.

त्याच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिलेले वकील पाकिस्तानी होते, काझी मोहम्मद अन्वर आणि रख्शंदा नाझ. आमच्या पेशातल्या या दोन माणसांची नावं अंधेरीच्या बार रूममध्ये लावली जावीत असं मला मनापासून वाटतं.

हमीदला त्या वेळी वेळेत, कारणासह लेखी नकार मिळाला असता, तर तो काबूलला गेला नसता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तरुण माणूस काय करील, कुणी सांगावं. पण सरळ दार वाजवून उत्तर येत नाही, तेव्हा माणूस चोरवाट शोधतो आणि वाट दाखवणारे दलाल त्याला भेटतातच, हे मी माझ्या कामात पाहिलं आहे.

ज्यांनी कुठलंच दार वाजवलं नाही, त्यांचं बघू. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरीच्या पाड्यांवरून आदिवासी आणि कोळी तरुण दरवर्षी पावसाळा सरता सरता ओखा, पोरबंदरला खलाशी म्हणून जातात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला पुढचा सगळा सीझन समुद्रावर. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे तिथली सागरी हद्द दोन्ही देशांनी मिळून ठरवलेली नाही. मासळी जिथे, तिथे तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बोट नेतो. खलाशाला विचारतो कोण? नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलानं ‘जलपरी’ बोटीवर गोळ्या झाडल्या, त्यात पालघरच्या किनाऱ्यावरचा एक खलाशी गेला. बाकीचे पकडले जातात आणि कराचीजवळच्या मलीर तुरुंगात जातात. मार्च २०२४ मध्ये डहाणूकडचा एक खलाशी त्या तुरुंगात मेला, आणि त्याचं शव गावी पोचायला मे महिना उजाडला. मलीरहून डहाणू हवाई अंतरानं हजार किलोमीटरही नाही.

आणि इथेच मला या सगळ्या काळोखात एक गोष्ट सापडली, जिच्यावर माझी सगळी मागणी उभी आहे. २१ मे २००८ ला दोन्ही देशांनी कैद्यांबद्दल एक करार केला. दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. तीन महिन्यांत कैद्याला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि नागरिकत्व पक्कं झालं की एका महिन्यात घरी पाठवायचं. यातली भेटीची आणि सुटकेची अट दोन्ही बाजूंनी सर्रास मोडली आहे. १ जानेवारी २०२५ च्या यादीप्रमाणे आपले २१७ मच्छीमार आणि ४९ इतर नागरिक पाकिस्तानच्या तुरुंगात होते, आपल्या तुरुंगांत त्यांचे ८१ मच्छीमार आणि ३८१ इतर. शिक्षा संपलेल्या आपल्या १८३ जणांना सोडा, असं आपण त्याच दिवशी पुन्हा मागितलं. पण याद्या मात्र चुकल्या नाहीत. पठाणकोट, उरी, पुलवामा झालं, याद्या दिल्याघेतल्या गेल्या. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांची विमानं आणि क्षेपणास्त्रं एकमेकांवर धावली, आणि १ जुलै २०२५ ला, दोन महिन्यांच्या आत, याद्या दिल्याघेतल्या गेल्या. अणुप्रकल्पांच्या याद्यांचं तसंच. १९८८ च्या डिसेंबरात करार झाला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला त्या एकमेकांच्या हाती पडतात, कारगिल झालं तरी पडल्या.

का पडतात? मी यावर पुष्कळ विचार केला. दोन्ही सरकारांना एकमेकांबद्दल अचानक प्रेम वाटतं म्हणून नव्हे. तिथे तारीख लिहिलेली आहे म्हणून. ज्या कामाला तारीख आहे, ते त्या तारखेला टेबलावर येतं आणि ते करायचं नसेल तर कुणाला तरी ‘करायचं नाही’ असं लिहून सही करावी लागते. तशी सही करायला कुणी धजत नाही. व्हिसाच्या अर्जावर अशी तारीख नाही. तो बाजूला ठेवला, तर त्यासाठी कुणालाच सही करावी लागत नाही.

आपल्याच कायद्यात दाखला आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे पासपोर्ट नाकारायचा असेल, तर अधिकाऱ्यानं कारणं लेखी नोंदवायची आणि मागितली तर त्याची प्रत द्यायची. देशाच्या हितासाठी ती देता येत नसेल, तर तसं म्हणण्याचीही सोय ठेवली आहे. १९७८ च्या मेनका गांधी खटल्यानंतर तर या हक्काला घटनेचं बळ आलं. मग अंधेरीच्या बाईनं हमीपत्र भरून दिलं, ती तर भारताची नागरिक आहे ना? तिच्या हमीपत्राला उत्तर का नको? नव्वद दिवसांत हो किंवा नाही. नाही असेल तर सुरक्षेच्या कारणासाठी नाही, एवढं एक वाक्य पुरे. तपशील नका देऊ.

सीमा अशाच असतात, त्यात काही करता येत नाही, असं कुणी म्हणेल. तुमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला जो माणूस बसतो, तो बहुधा नेपाळचा. अच्छाम, डोटीकडचे हजारो लोक बनबसावरून उतरून मुंबईच्या उपनगरांत येतात. ३१ जुलै १९५० च्या तहामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, इथे राहता येतं, कामधंदा करता येतो. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आपलं विमान कंदाहारला पळवून नेलं, तरी ही सीमा बंद केली नाही, विमानानं येणाऱ्यांसाठी मात्र ओळखपत्र सक्तीचं केलं. पाकिस्तानशी असं होऊ शकतं, असं मी म्हणत नाही. पण तिथेही नोव्हेंबर २०१९ पासून कर्तारपूरला बिनव्हिशाचे यात्रेकरू सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत होते, मे २०२५ पर्यंत.

याउलट, उत्तर ऐकून घ्यायलाच वेळ दिला नाही की काय होतं, ते दहिसरच्या पलीकडेच घडलं आहे. जून २०२५ मध्ये मीरा रोडला काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी समजून ताब्यात घेतलं. त्याला आणि त्याच्यासारख्या काही जणांना थेट पूर्वेकडच्या सीमेवर नेऊन पलीकडे ढकललं. पश्चिम बंगाल सरकारनं कागद दाखवल्यावर थोड्या दिवसांत त्यांना परत आणावं लागलं. बेकायदा आलेल्या माणसाला परत पाठवायलाच हवं. पण आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याप्रमाणेच १ सप्टेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या कायद्यातही त्या माणसावरच आहे. मग तो भार उचलायला त्याला किती दिवस आहेत, हेही लिहिलेलं नको का? कागद गावी, आईच्या ट्रंकेत, पोलीस दारात.

पासष्ट वर्षांवरच्या माणसांना अटारीवर पोचताच व्हिसा द्यायचं २०१२ च्या करारानं ठरवलं होतं. १५ जानेवारी २०१३ पासून ते सुरू व्हायचं होतं. आठवडाभर आधी ताबारेषेवर आपल्या जवानांची निर्घृण हत्या झाली आणि १५ तारखेलाच ते थांबवलं गेलं. तेव्हा जे पासष्टचे होते, ते आज असतील तर अठ्ठ्याहत्तरच्या घरात आहेत. कैद्यांसाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २००७ मध्ये नेमली. ती तुरुंगांत जाऊन एकेका कैद्याला भेटायची आणि तिनं अनेकांना घरी आणलं. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. सीमा उघडा, असं आज कुणी मागणार नाही, मीही मागत नाही. ही समिती पुन्हा तुरुंगात जाऊ शकते. पंच्याहत्तरीच्या माणसाला हो-नाही कळू शकतं. शिक्षा संपलेल्या खलाशाला ठरल्याप्रमाणे महिन्याभरात सोडता येतं. यातल्या एकाही गोष्टीनं मुलुंडची लोकल धोक्यात येत नाही.

म्हणून जाता जाता एक काम तुमच्यावर सोपवतो. लोकसभेत लेखी प्रश्न विचारून घेण्यासाठी मी एक मसुदा केला आहे. मुलुंड-घाटकोपरचे लोक ईशान्य मुंबईच्या खासदारांकडे, अंधेरीचे वायव्य मुंबईच्या आणि बोरिवलीचे उत्तर मुंबईच्या खासदारांकडे तो देऊ शकतात. त्यात तीनच गोष्टी विचारल्या आहेत. भारतीय नागरिकाच्या हमीपत्रावर आलेले आणि सहा महिन्यांहून जास्त काळ निकालाविना पडलेले व्हिसा-अर्ज किती? शिक्षा संपूनही कराचीत अडकलेले महाराष्ट्रातले खलाशी किती आणि प्रत्येकाची शिक्षा कोणत्या दिवशी संपली? आणि न्यायाधीशांच्या समितीची बैठक बोलावण्याचा प्रस्ताव पाकिस्तानला शेवटचा कधी पाठवला, त्याला काय उत्तर आलं? मसुद्याच्या प्रती बाहेर पुस्तकांच्या टेबलावर आहेत. सही करताना पत्ता पूर्ण लिहा, मतदारसंघ कळला पाहिजे.